गरम मसल कार पुन्हा सुरू होत नाही? सेल्फ बदलण्याआधी हे तपासा

सकाळी थंड इंजिन किल्लीला हात लावताच सुरू होतं. तासभर गाडी झकास पळते. पेट्रोल भरायला थांबलात, आत जाऊन कॉफी घेतलीत, पंधरा-वीस मिनिटांनी परत किल्ली फिरवलीत, तर गाडी ढिम्म. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं टाकून थांबलं की तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. १९६४ ते १९७२ या काळातल्या अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनच्या गाड्या, घेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. इकडे डेट्रॉइटच्या उपनगरांत अशा गाड्यांचं वेड असलेले काही मराठी मित्र आहेत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझची, म्हणजे जुन्या गाड्यांच्या जत्रेची, गर्दी सुरू झाली की त्यांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नवा सेल्फ कुठला घेऊ?"

सेल्फ घेऊ नका. निदान आज तरी नको.

जरा विचार करा. शेव्हेल एसएस ३९६ किंवा पॉन्टियाक जीटीओ १९६९ साली शोरूममधून निघाली, तेव्हा भर उन्हाळ्यातही लोक ती घेऊन सिनेमाला जात होते आणि परतही येत होते. तक्रारी तेव्हा अजिबात नव्हत्या असं नाही, पण दर थांब्याला हटून बसणारी गाडी कुणी नवी म्हणून चालवून घेतली नसती. मग मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या गाडीत काहीतरी बदललंय. काय बदललं ते शोधायचं, एवढंच काम आहे. आणि बहुतेक वेळा बदल करणारा हात गंजाचा नसून रिस्टोरेशन करणाऱ्याचा असतो. नुकत्याच चकाचक केलेल्या गाड्यांत हा दोष मला जास्त दिसतो, कोपऱ्यात धूळ खात पडलेल्यांत कमी. त्याची कारणं पुढे येतीलच.

इंजिन बंद केलं की ते लगेच निवायला लागतं असं वाटतं, पण बॉनेटखाली उलटं घडतं. पंखा थांबलेला, पाणी फिरायचं थांबलेलं, आणि बिग-ब्लॉक शेव्हीचं, म्हणजे शेव्हरलेच्या मोठ्या व्ही८ इंजिनचं, तीनशे किलोच्या आसपासचं तापलेलं लोखंड सगळी उष्णता शेजारपाजारी सोडत असतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं म्हणूनच सर्वांत वाईट. ही उष्णता सेल्फला बाधते, कार्बोरेटरला बाधते, इग्निशनलाही बाधते. आजार तीन, तक्रार मात्र एकच, आणि म्हणूनच लोक भलत्याच भागावर पैसे घालतात.

आधी आवाज ऐका

फोनवर मी पहिल्यांदा सांगतो, की मोबाईल बॉनेटजवळ धरा आणि घरातल्या कुणाला तरी किल्ली मारू द्या. आवाजावरून अर्धं निदान होतं.

काहीच आवाज नाही, किंवा एकच 'खट्' आणि शांतता: विजेचा मामला, सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (किल्ली फिरवल्यावर ओढला जाऊन सेल्फला वीज जोडणारा विद्युतचुंबक) विजेचा पुरेसा दाब, म्हणजे व्होल्ट, पोचत नाहीये. इंजिन कण्हत, अडखळत, मध्येच अडून फिरतंय: केबल, अर्थिंग किंवा टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पकडत नाही: सेल्फचा काहीही संबंध नाही, पेट्रोल किंवा ठिणगी बघा. आणि चौथा एक प्रकार आहे, इंजिन फिरताना पकडत नाही पण किल्ली सोडता सोडता पकडतं. तो इग्निशनच्या वायरिंगचा दोष, त्याबद्दल शेवटी.

'खट्' झालं आणि थांबलं

जनरल मोटर्सच्या गाड्यांत, म्हणजे शेव्हरले, पॉन्टियाक, ओल्ड्समोबिल, ब्युइक या सगळ्यांत, डेल्को-रेमीचा सेल्फ असतो आणि सोलेनॉइड त्याच्याच पाठीवर बसवलेला असतो. शेव्हीमध्ये हा सगळा संसार इंजिनच्या उजव्या अंगाला, खाली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कुशीत. कारखान्यातून ओतीव मॅनिफोल्ड यायचे. पुढे कुणीतरी जास्त ताकदीसाठी पातळ नळ्यांचे हेडर बसवले. त्या नळ्या सेल्फच्या कधी कधी बोटभर अंतरावरून जातात. बिग-ब्लॉकवर सेल्फसाठी पत्र्याचं एक उष्णतारोधक कवच असायचं, ते सेल्फ बदलताना कुठल्या तरी मेकॅनिकने "अडचण होते" म्हणून काढून टाकलेलं असतं. ते कवच परत बसवणं हा या सगळ्या उपचारांतला सर्वांत स्वस्त उपचार, आणि आश्चर्य म्हणजे सर्वांत कमी केला जाणारा.

आता सोलेनॉइडच्या आत काय होतं ते बघा, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. सोलेनॉइडची गुंडाळी २० अंशांवरून १२० अंशांवर गेली तर तिचा रोध जवळपास ४० टक्क्यांनी वाढला. दाब तोच असला तर प्रवाह ७० टक्क्यांच्या आसपास उरला. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती जवळपास निम्म्यावर आली. थंड असताना ज्या सोलेनॉइडकडे भरपूर ताकद शिल्लक होती, त्याला गरम झाल्यावर जेमतेम पुरते. आता याच वेळी त्याला बारा व्होल्टऐवजी नऊच मिळाले तर? खट्, आणि संपलं.

आणि नऊच मिळतात, कारण हा दाब फार लांबच्या वाटेने येतो. बॅटरीपासून हार्नेसमधून (वायरींच्या जुडग्यातून), फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या, मोठ्या जोडातून आत, तिथून इग्निशन स्विच, मग ऑटोमॅटिक गाडी असेल तर न्यूट्रल सेफ्टी स्विच, पुन्हा फायरवॉलमधून बाहेर, आणि शेवटी ती ओळखीची जांभळी वायर सोलेनॉइडच्या 'एस' टर्मिनलवर. सोलेनॉइड ओढला जाताना क्षणभर या वायरमधून पंचवीस-तीस अँपिअर तरी जातात. वाटेतला प्रत्येक जोड पन्नास वर्षांचा. प्रत्येकाने चाराणे-आठाणे खाल्ले तरी शेवटी हातात काय उरणार? थंडीत हे खपून जातं, गरम झाल्यावर खपत नाही. म्हणून माणूस नवा सेल्फ बसवतो, नव्या सोलेनॉइडमध्ये थोडी जास्त ताकद असते, गाडी दोन महिने बरी चालते, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकाच गाडीवर लागोपाठ तीन सेल्फ बदललेले लोक मला माहीत आहेत. तिन्ही सेल्फ चांगले होते.

मोजमाप, आणि तेही गरम असतानाच

मल्टिमीटर घ्या, साधा चालेल. पण तो ओहमवर लावू नका. बिग-ब्लॉक फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअरच्या घरात प्रवाह खेचतो. त्या प्रवाहावर अर्धा व्होल्ट खाणाऱ्या केबलचा रोध होतो ०.००२५ ओहम, आणि तो साध्या मीटरवर शून्यच दिसतो. "मी केबल तपासली, एकदम ओके आहे" असं सांगणारे सगळे इथेच फसतात. भार असताना किती व्होल्ट वाटेत गळतात, ते मोजायचं.

गाडी थंड असताना जॅकवर चढवून नीट स्टँड लावा आणि लांब वायरी चिमट्यांनी सेल्फच्या मुख्य बोल्टला, 'एस' टर्मिनलला आणि सेल्फच्या अंगाला जोडून वर बॉनेटपाशी आणून ठेवा. टोकांना लेबल लावा, उघडी टोकं एकमेकांना किंवा बॉडीला लागू देऊ नका, आणि वायरी हेडरपासून दूर बांधा. गरम हेडरखाली हात घालून मोजायला गेलात तर मोजमाप बाजूला राहील आणि मलम शोधावं लागेल. मग गाडी खाली घ्या, वीसेक मिनिटं आसपास चालवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा. कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनला अर्थ करा, म्हणजे गाडी सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला. आता कुणाला तरी किल्ली धरून ठेवायला सांगा आणि मोजा.

बॅटरीच्या दोन टोकांवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबांवर, फिरताना ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. गेलं तर आधी बॅटरी चार्ज करा आणि भार देऊन तपासून घ्या, बाकी सगळं नंतर. बॅटरीच्या धन खांबापासून सेल्फच्या मुख्य बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती नको. ऋण खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत ०.२, फार तर ०.३. आणि 'एस' टर्मिनलवर बॅटरीपेक्षा एका व्होल्टहून जास्त कमी दिसलं, तर तुमचा चोर जांभळ्या वायरीच्या वाटेवर आहे.

या चार आकड्यांनी मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांचा निकाल लावला आहे.

ऋण बाजूची गळती जास्त आली तर रिस्टोरेशन करणाऱ्याचे आभार माना. इंजिन बाहेर काढलं, सुंदर नारिंगी रंग दिला, ब्रॅकेट पावडर-कोट केले, आणि अर्थची केबल त्या रंगावरच आवळली. रंग म्हणजे इन्सुलेशन. बोल्टचे दोन-तीन आटे कसाबसा करंट नेतात. केबल काढा, तिच्याखालचा रंग धातू लखलखेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा, वरून थोडं ग्रीस. इंजिनपासून फायरवॉलपर्यंत जाणारी विणलेली पट्टीही बघा. ती जागेवर असतेच असं नाही, कारण इंजिन परत बसवताना ती विसरणं फार सोपं आहे. तेच सेल्फ जिथे ब्लॉकला भिडतो त्या पृष्ठभागाचं. सेल्फचं अर्थिंग तिथूनच होतं आणि तिथेही हौसेने रंग मारलेला असतो.

धन बाजू गळत असेल तर केबल बदला. दुकानात तयार मिळणाऱ्या स्वस्त केबली जाड दिसतात, पण ते रबर असतं, आत तांबं किरकोळ. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवून बिग-ब्लॉकसाठी १ किंवा २ गेजची घ्या. टोकं दाबून बसवलेली असावीत, नट-बोल्टने आवळायची तात्पुरती टोकं नकोत. बॅटरी मागे डिकीत हलवलेली असेल तर आणखी जाड, आणि ऋण केबल बॉडीला कुठेतरी टेकवून न सोडता थेट इंजिनपर्यंत आणा.

'एस' टर्मिनल उपाशी असेल तर दोन मार्ग. इग्निशन स्विच, न्यूट्रल स्विच, फायरवॉलचा जोड हे सगळं एकेक करून साफ करणं हा खरा मार्ग. पण त्यासाठी डॅशबोर्डखाली उताणं पडून राहायची तयारी हवी. दुसरा म्हणजे रिले, छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा स्विच. बॅटरीजवळ एक चांगला ४० अँपिअरचा रिले लावा, जांभळ्या वायरने फक्त रिलेला इशारा द्या, आणि सोलेनॉइडला पोसणारा खरा प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड वायरने रिलेतून थेट 'एस'वर न्या. तासाभराचं काम, आणि रिले हवा तर नजरेआड लपवता येतो.

जुन्या लोकांचा याला एक आवडता पर्याय आहे: मडगार्डवर फोर्डचा सोलेनॉइड लावायचा, आणि सेल्फवरचा 'एस' त्याच्याच मुख्य बोल्टला पट्टीने जोडून टाकायचा. चालतो, नाही असं नाही. पण आजचे बरेच छोटे सेल्फ कायम चुंबकाचे असतात. किल्ली सोडल्यावर ते फिरता फिरता स्वतःच वीज तयार करतात, ती पट्टीतून सोलेनॉइडला मिळते, आणि सेल्फ क्षणभर जास्त अडकून राहतो. दातांचा आवाज ऐकू येतो तो त्याचाच. म्हणून माझं मत रिलेच्या बाजूने.

हे सगळं करून आकडे ठीक आले आणि तरी 'खट्'च होत असेल, तर आता सेल्फवर संशय घ्या. मूळ सेल्फ चांगल्या कारागिराकडून भरून घ्या किंवा गिअर-रिडक्शनचा छोटा सेल्फ घ्या. छोटा सेल्फ हेडरपासून लांब राहतो, कमी करंट खातो, ताकद जास्त. मात्र जुना फेकू नका. त्यावरचा क्रमांक आणि तारखेचा ठसा गाडीशी जुळत असेल तर पुढे विकताना त्याला किंमत आहे. बसवताना बोल्ट बघून घ्या: शेव्हीच्या सेल्फला खाचदार मानेचे खास बोल्ट लागतात, साध्या बोल्टवर सेल्फ किंचित सरकतो आणि दात खातो. पुढच्या टोकाला आधाराची एक छोटी पट्टीही असते, तीही कवचाबरोबरच हरवलेली असते.

कण्हत फिरतंय, पण आकडे ठीक आहेत

मग टायमिंग. वर कॉइलची वायर काढून इंजिन फिरवलंत, तेव्हा ते गुळगुळीत फिरलं का? वायर परत लावल्यावर अडखळतंय का? तसं असेल तर उत्तर मिळालं. ठिणगी इतकी लवकर पडतेय की पिस्टन वर यायच्या आतच जाळ त्याला खाली ढकलतो आणि सेल्फ बिचारा इंजिनशी कुस्ती खेळतो. ३९६ च्या १९६९ मधल्या साध्या रूपातही कॉम्प्रेशन १०.२५:१ होतं, ३७५ अश्वशक्तीच्या एल७८ मध्ये ११:१. एवढ्या कॉम्प्रेशनवर सुरुवातीचं टायमिंग कानाने 'छान वाटेपर्यंत' पुढे नेणं ही हौस गरम असताना भोवते.

टायमिंग लाइट लावून बघा, पण त्या आधी हार्मोनिक बॅलन्सर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरची टायमिंगची खूण असलेली जड चकती, तपासा. आतला गाभा आणि बाहेरची कडी यांच्यामधलं रबर जुनं झालं की कडी सरकते, आणि तिच्यावरची खूण खोटं बोलायला लागते. लाइट म्हणतो आठ अंश, प्रत्यक्षात असतात सोळा. एक नंबरचा पिस्टन खरोखर वर आणून खूण शून्यावर येते का, ते पिस्टन स्टॉपने तपासा.

नुकतंच बोअर करून नवे पिस्टन-रिंग घातलेलं इंजिनही पहिले काही शे मैल गरम असताना जड फिरतं. ते आपोआप सुटतं.

छान फिरतंय, पकडत नाही

इथे सेल्फ विसरा. एअर क्लीनर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून बघा, टॉर्चने, लायटरने नव्हे, आणि अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवून. पेट्रोलचा भपका येतोय, बूस्टरच्या टोकाशी थेंब दिसताहेत, आतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येतोय? कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये गळतंय आणि इंजिन ओव्हरफ्लो झालंय. उलट, ॲक्सिलरेटरची तार हाताने एकदा ओढली आणि पंपातून पिचकारी आलीच नाही, तर वाटी रिकामी आहे. पेट्रोल सगळं उडून गेलंय आणि पंपापर्यंतच्या नळीत वाफ अडकलीय. दोन्हींची मुळं उष्णतेत, पण उपाय वेगळे, म्हणून आधी ही पिचकारी बघायचीच.

ओव्हरफ्लो झालेली गाडी रस्त्यात सुरू करायची असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा, तसाच दाबून धरा आणि किल्ली मारा. पंप करू नका. पुन्हा पुन्हा दाबलात तर दर दाबाला आणखी एक पिचकारी आत जाते. पूर्ण दाबून धरल्यावर हवा भरपूर जाते आणि चोकही यांत्रिक रीतीने उघडला जातो. त्या काळच्या मालकांसाठीच्या पुस्तिकांतही हाच उपाय छापलेला असायचा.

पेट्रोल आजच एवढं का उकळतं? कारण १९६९ चं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल यांत फक्त शिशाचा फरक नाही. अमेरिकेत आज पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या मिश्रणाचा बाष्पदाब शुद्ध पेट्रोलपेक्षा थोडा जास्त असतो. त्यावर हिवाळी पेट्रोलची भर. थंडीत गाड्या सहज सुरू व्हाव्यात म्हणून हिवाळ्यात जास्त बाष्पशील पेट्रोल विकतात. उन्हाळ्याची मर्यादा पंपांवर १ जूनपासून लागू होते. मिशिगनसारख्या राज्यात गाडी शरद ऋतूच्या शेवटी झाकून ठेवली, वसंतात पहिल्या उबदार रविवारी त्याच टाकीवर बाहेर काढली, की त्या दिवशी उकळणं हमखास. अशा वेळी टाकी रिकामी होईपर्यंत चालवा आणि उन्हाळी पेट्रोल भरा. मग वाटल्यास कार्बोरेटर खोला. भारतात जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या सांभाळणाऱ्यांना आता ई२० पेट्रोलमुळे रबरी नळ्यांचा त्रासही आहे, तिथे आणि इथेही इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्याच नळ्या वापरा. जुनं रबर आतून फुगतं, झिजतं, आणि त्याचे कण सुईच्या आसनात अडकले तर वाटी नुसत्या त्यानेही ओव्हरफ्लो होते.

उष्णता कार्बोरेटरपर्यंत कुठून येते, हे बघताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डखालचा हीट रायझर व्हॉल्व्ह विसरू नका. थंडीत तो बंद राहून गरम वायू इनटेक मॅनिफोल्डमधल्या मार्गातून, थेट कार्बोरेटरच्या बुडाखालून फिरवतो, आणि इंजिन तापल्यावर उघडतो. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह बंद स्थितीत गंजून बसला, की कार्बोरेटर चुलीवर ठेवल्यासारखाच. बाहेरचं वजन हाताने हलतं का बघा, अर्थात थंड असताना. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल आणि हातोडीचे हलके ठोके, फक्त इथेच हातोडी.

कायमचा उपाय म्हणून तो मार्गच बंद करणारं इनटेक गॅस्केट मिळतं. चांगलं आहे, पण त्यात एक मेख आहे. क्वाड्राजेट कार्बोरेटरच्या त्या काळच्या शेव्हीवरचा चोक त्याच मार्गाच्या उष्णतेने उघडतो. मॅनिफोल्डमधल्या खळग्यात त्याची द्विधातूची गुंडाळी बसलेली असते. मार्ग बंद केलात की चोक फार वेळ लागलेला राहतो, गाडी काळा धूर सोडते, आणि मग तिसराच दोष शोधत बसावं लागतं. गॅस्केट बदललंत तर इलेक्ट्रिक चोकची सोयही त्याच दिवशी करा.

त्याहून सोपं म्हणजे कार्बोरेटरखाली अर्ध्या इंचाचा फेनॉलिक स्पेसर. प्लास्टिकच्या जातीचा असल्याने उष्णता वर जाऊ देत नाही. बसवल्यावर एअर क्लीनरवर मातीचा किंवा पिठाचा गोळा ठेवून बॉनेट हळूच लावून बघा, वर आपटतंय का ते कळेल. फ्लोटची पातळी आणि पंपाचा दाबही बघा, होली कंपनीच्या कार्बोरेटरला साधारण ५ ते ७ पीएसआय पेलतो, कार्टर एएफबीच्या घराण्यातल्या कार्बोरेटरांना सहाच्या आत ठेवलेला बरा.

वाटी रिकामी असेल, म्हणजे नळीत वाफ अडकत असेल, तर नळीचा मार्ग बघा. पंप इंजिनवर, टाकी मागे. पंपाच्या ओढीने मधल्या नळीत दाब कमी होतो आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं, म्हणून वाफ बहुधा पंपाच्या अलीकडेच होते. रिस्टोरेशनमध्ये नवी नळी हेडरच्या किंवा पाण्याच्या होजच्या अंगाला चिकटवून नेलेली असेल तर लांब न्या. वातानुकूलन असलेल्या बऱ्याच गाड्यांना कारखान्यातूनच वाफ टाकीत परत नेणारी तिसरी नळी असायची, क्रायसलरकडे त्यासाठी तीन तोंडांचा फिल्टर होता. ती नळी कुणीतरी बूच मारून बंद केलेली असते. उघडा ती. टाकीजवळचा इलेक्ट्रिक पंप हा शेवटचा उपाय, आणि लावलाच तर अपघातात पंप बंद पाडणारा स्विच लावल्याशिवाय नको.

पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेली एखादी गाडी तुम्हाला प्रदर्शनात दिसेल. लावा हवे तर. फोटो चांगले येतात.

ठिणगीचं काय

इग्निशन कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरमधला छोटा कंडेन्सर गरम झाल्यावरच मान टाकतात, असं होतं. गाडी रुसलेली असतानाच स्पार्क टेस्टर लावून बघा; नंतर घरी गेल्यावर ठिणगी उत्तमच दिसणार. पिवळी, मरतुकडी ठिणगी असेल तर आधी कंडेन्सर बदला, तो स्वस्त असतो. आजचे नवे कंडेन्सर जुन्यांच्या तोडीचे नसतात असं माझं मत आहे. जुना चालू असलेला निघाला तर डिकीत ठेवा.

आता तो चौथा प्रकार. पॉइंटवाल्या, म्हणजे ठिणगीसाठी यांत्रिक संपर्काची उघडझाप करणाऱ्या, या गाड्यांत कॉइलला चालताना कमी दाब मिळावा म्हणून वाटेत रोध असतो, पण सेल्फ फिरताना तो रोध टाळून कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. जनरल मोटर्समध्ये हे काम सोलेनॉइडचं 'आर' टर्मिनल करतं. हौसेने बसवलेल्या बऱ्याच छोट्या सेल्फना 'आर' टर्मिनलच नसतं. मग फिरताना बॅटरीही खाली आणि वर रोधही, ठिणगी मिळणार कशी? किल्ली सोडताच सेल्फचा भार जातो, दाब वर येतो आणि इंजिन पकडतं. त्यासाठी डायोड घातलेली एक वायर पुरते. क्रायसलरच्या गाड्यांत नेमकी उलटी तऱ्हा दिसते: फिरताना सुरू, किल्ली सोडताच बंद. तिथे फायरवॉलवरचा पांढरा चिनीमातीचा बॅलास्ट रेझिस्टर उडालेला असतो. रोडरनर, चार्जर बाळगणारे म्हणूनच एक जादा बॅलास्ट ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतात.

क्रायसलरचा सेल्फ १९६२ पासून गिअर-रिडक्शनचा आणि दमदार, तिथे मी आधी फायरवॉलच्या जोडातल्या काळवंडलेल्या पिना बघतो. फोर्डचा सोलेनॉइड मुळातच मडगार्डवर, उष्णतेपासून लांब. मस्टँग गरम असताना हटली तर केबल आणि अर्थिंगच्या पलीकडे फारसं जावं लागत नाही.

गाडी घेतानाच हा दोष पकडा

विकणाऱ्याकडे जाताना सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर सुरू करू. मग अर्धा तास, त्यातही थोडा सिग्नलच्या रस्त्यांवर, चालवून आणा आणि परत आल्यावर किल्ली काढून खिशात टाका. "चालू राहू दे की, बंद कशाला करता?" असं कुणी म्हणालं, तर ते ऐकून घ्या आणि तरी बंद करा. पुढची वीस मिनिटं कागद बघण्यात घालवा. १९६९ च्या शेव्हेलमध्ये एसएस ३९६ हे वेगळं मॉडेल नव्हतं, झेड२५ नावाचा पर्याय होता, त्यामुळे चासी क्रमांकावरून ती खरी एसएस आहे की साध्या मालिबूवर बिल्ले चिकटवलेत ते कळत नाही; कारखान्याचा बिल्ड शीट किंवा डीलरने दिलेला मूळ कागद मागा. १९६६ ते १९६८ च्या गाड्यांत मात्र क्रमांकाची सुरुवात १३८ ने व्हायला हवी. पॉन्टियाक असेल तर पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या बिलाची प्रत मिळते, १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल.

मग किल्ली मारा. अडली तर गाडी सोडून देऊ नका, हा दोष दुरुस्त होतो आणि तोवर भाव बोलायला हातात असतो. त्याच वेळी गाडीखाली वाकून हेडर आणि सेल्फमधलं अंतर, कवच आणि पुढची आधारपट्टी बघा. कवच जागेवर नसेल तर गॅरेजमधल्या जुन्या भागांच्या खोक्यांत ते आहे का विचारा, आणि मूळ ओतीव मॅनिफोल्ड असतील तर तेही व्यवहारात घालून घ्या.